शिकणे, शिकविणे आणि मानसशास्त्र

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी बोलावे आणि मजसारख्या दुकानदाराने मागच्या रांगेत बसून ऐकावे, अशीच रीत होती. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संयोजकांनी ती मोडली आणि माझी पंचाईत केली. माझे शिक्षण बी. कॉम. एवढेच. चाळीस-बेचाळीस वर्षे कापडाच्या ताक्यांत गेली. मग हा मनुष्य मानसशास्त्रावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर आमच्या धाकट्या सूनबाईंकडे आहे.

सूनबाईही माझ्याप्रमाणेच वाणिज्य शाखेच्या पदवीधर. लग्नानंतर सात वर्षांनी, नातू शाळेत जाऊ लागल्यावर, त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्र विषयातील एम. ए. ला प्रवेश घेतला. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तेव्हा तेथे हा विषय घेता येत असे, हे मला प्रथमच कळले. खरे सांगायचे तर मी विरोधच केला होता. 'घरात कोणी वेडे आहे काय?' असे मी विचारल्याचे घरातील सर्वांना अजून आठवते. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे शास्त्र, ही माझी समजूत. पुस्तकांचे पार्सल टपालाने दुकानाच्या पत्त्यावर आले. ते मी सही करून घेतले आणि दुपारच्या रिकाम्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, गादीवर बसून त्यातील एक पुस्तिका सहज उघडली. स्मृती व अध्ययन असा तिचा विषय होता. अध्ययन म्हणजे आपल्या साध्या भाषेत शिकणे. वेड्यांचा त्यात कोठे उल्लेख नव्हता. त्यात मांजरे होती, कुत्री होती, लहान मुले होती, आणि पाने उलटत गेलो तसतसा त्यात मीही होतो.

या शास्त्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. मनाचा अभ्यास प्रयोगशाळेत होऊ शकतो, ही कल्पनाच मुळी जुनी नाही. जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये अशी प्रयोगशाळा सुरू केली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. पुणे विद्यापीठात १९५० पासून हा विषय प्रयोगाच्या अंगाने शिकविला जाऊ लागला. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीतच हे सारे उभे राहिले.

विद्यापीठात या विषयाचा विद्यार्थी केवळ पुस्तक वाचत नाही, त्याला प्रात्यक्षिके करावी लागतात. प्रयोग करणारा तो 'प्रयोगकर्ता' आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो 'प्रयुक्त'. घरात प्रयुक्त म्हणून सर्वांत रिकामा मनुष्य मीच सापडलो. सूनबाईंनी कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढली, समोर दुकानातला आरसा उभा केला, माझा हात पुठ्ठ्याच्या आडोशाखाली घेतला आणि म्हणाल्या, 'अण्णा, कागदाकडे बघायचे नाही, फक्त आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची.' प्रथम डावा हात. मी आयुष्यभर कापड सरळ कापत आलो. पण पेन्सिल जाई उजवीकडे आणि मन म्हणे डावीकडे. कोपऱ्यावर हात असा अडकून बसे की, घरातील लहान मूलही हसावे. मग उजव्या हाताने तेच दहा वेळा करविले. आणि पुन्हा डावा हात. आश्चर्य असे की, ज्या डाव्या हाताला मुळीच सराव दिला नव्हता, तोही आता पुष्कळच सुधारला होता. एका अंगाने शिकलेले दुसऱ्या अंगाला आपोआप पोहोचते, याला या शास्त्रात द्विपार्श्व संक्रमण म्हणतात. हात शिकत नाही, हाताच्या मागे जो कोणी आहे तो शिकतो, असे मला त्या दिवशी वाटले. सूनबाईंनी मात्र एवढेच लिहून घेतले की, प्रयुक्ताने प्रयोगाच्या वेळी फार बडबड केली.

आता मुख्य विषयाकडे येतो. प्राणी किंवा मनुष्य शिकतो कसा? एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १८९८ मध्ये या प्रश्नावर आपला प्रबंध सादर केला. त्याने भुकेल्या मांजराला लाकडी पेटीत ठेवले आणि बाहेर खाद्य ठेवले. आत एखादी दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर ओरबाडी, चावे, धडपडे आणि कधीतरी योगायोगाने खटका दाबला जाई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवले असता सुटकेला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. एका क्षणी मांजराच्या डोक्यात प्रकाश पडला, असे कोठे दिसले नाही. ज्या कृतीचा परिणाम सुखद ती कृती मनात रुजते, ज्या कृतीचा परिणाम त्रासदायक ती पुसली जाते. यास त्याने 'परिणामाचा नियम' असे नाव दिले.

पुढे हार्वर्ड विद्यापीठातील बी. एफ. स्किनर यांनी हाच धागा हाती घेतला. कृतीनंतर जे मिळाल्यामुळे ती कृती वाढते, त्याला 'प्रबलन' म्हणतात. चार्ल्स फर्स्टर यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रबलन दर वेळी दिले तर काय होते, दर दहाव्या वेळी दिले तर काय होते, आणि केव्हा मिळेल याचा नेम नसताना दिले तर काय होते, याच्या नोंदी त्यात आहेत. निष्कर्ष असा की, दर वेळी मिळणारे बक्षीस बंद झाले की कृतीही लवकर बंद पडते. पण अधूनमधून, बेभरवशाने मिळणारे बक्षीस बंद झाले तरी कृती फार काळ चालू राहते.

हे वाचले आणि मी पुस्तिका खाली ठेवून भिंतीकडे पाहिले. भिंतीवर आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची पाटी आहे : 'एकच भाव'. पाटी आहे खरी; पण दिवाळीच्या गर्दीत, लग्नसराईत, जुन्या ओळखीखातर, कधी केवळ कंटाळा आला म्हणून, मी पाच-पन्नास रुपये सोडत आलो आहे. दहा गिऱ्हाइकांत एकाला. आणि वर्षानुवर्षे तक्रार करीत आलो की, पाटी समोर दिसत असताना लोक घासाघीस का करतात! अहो, मीच त्यांना ती शिकविली होती. दर वेळी सवलत दिली असती तर ज्या दिवशी ती बंद केली त्या दिवशी लोकांना कळले असते. कधीच दिली नसती तरी कळले असते. मी दिली ती अशा बेताने की, घासाघीस अमर व्हावी. लॉटरीचे तिकीट घेणारा वर्षानुवर्षे तिकीट का घेत राहतो आणि मुले मोबाइल सारखा का उघडून पाहतात, याचेही मर्म येथेच आहे. हट्ट करणाऱ्या नातवाला नऊ वेळा 'नाही' म्हणून दहाव्या वेळी चॉकलेट देणाऱ्या आजोबांनी या सभागृहात हात वर करावेत, असे मी म्हणणार नाही, कारण प्रथम मलाच तो वर करावा लागेल.

आता स्मरणाविषयी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःलाच प्रयुक्त केले. ज्यांना काही अर्थ नाही अशी सुमारे २३०० अक्षर-त्रिकुटे त्याने तयार केली, त्यांच्या याद्या पाठ केल्या, काही काळ जाऊ दिला आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास पहिल्यापेक्षा किती कमी श्रम पडतात ते मोजले. या कमी पडणाऱ्या श्रमाला त्याने 'बचत' हा शब्द वापरला. व्यापाऱ्याला तो शब्द आवडल्याशिवाय कसा राहील? १८८५ मध्ये त्याने आपला हिशेब प्रसिद्ध केला. वीस मिनिटांनी बचत सुमारे ५८ टक्के, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे गळती होते ती पहिल्या दिवशीच. नंतर जे उरते ते बराच काळ टिकते. याला विस्मरणाचा वक्र म्हणतात. अर्थपूर्ण मजकूर यापेक्षा अधिक टिकतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते. आणि एकाच दिवशी शंभर वेळा घोकण्यापेक्षा तेच पाठांतर अनेक दिवसांत वाटून केल्यास अधिक फळ मिळते, हेही त्यानेच दाखविले.

याच्या जोडीला अलीकडचा एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि पुस्तक मिटून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणखी मौज अशी की, वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक होता. डोळ्यांसमोरचे ओळखीचे वाटते म्हणजे ते आपल्याला येते, असा मनाचा भ्रम होतो.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत, ते आपण सारे जाणता : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचल्यानंतर लगेच विचारणे आहे, मग चिंतन, मग आवृत्ती. हे ऐकून कोणी म्हणेल, 'पाहा, आपल्याकडे हे सारे आधीच होते.' हा मोह मी कटाक्षाने टाळतो. क्रम आपल्याकडे होता हे खरे. परंतु त्यांनी मोजून पाहिले, आपण मोजले नाही. आणि आज पाठशाळेत आपण त्या पाचांतील कोणते प्रकार चालवितो, हेही प्रामाणिकपणे पाहावे लागेल. माझ्या समजुतीप्रमाणे आवृत्ती तेवढी राहिली आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण गप्प बसवितो.

आता मी अशा भागाकडे येतो, जो सांगावा की न सांगावा याचा मी बरेच दिवस विचार केला.

या शास्त्रातील सर्वच प्रयोग आपल्यासारख्यांना वाचवणारे नाहीत. पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञास पचनसंस्थेवरील कार्यासाठी १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ठरावीक आवाजानंतर अन्न मिळते हे कळल्यावर कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या आवाजानेच लाळ सुटते, हे त्यांनी दाखविले. पण त्यासाठी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. तेथवर मी कसेबसे वाचले. पुढे १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. एका गटातील कुत्र्याला डोक्याने फळी दाबून धक्का थांबविता येत असे. दुसऱ्या गटातील कुत्र्याला तितकेच धक्के बसत. पण त्याने काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवले, जेथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातील कुत्री उडी मारण्यास लवकर शिकली. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्री उडी न मारता तेथेच पडून विव्हळत राहिली. वाट मोकळी असताना!

मी पुस्तिका मिटली. सूनबाईंना म्हणालो, 'असले पाप करून मिळविलेली विद्या आपल्या घरात नको.' त्या शांतपणे म्हणाल्या, 'अण्णा, असे प्रयोग आज करू देणार नाहीत. मलाही ते वाचून वाईट वाटले. पण त्या मुक्या जिवांनी जे सोसले, त्यातून जे कळले तेही आपण वाचायचे नाही का?' या प्रश्नाचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर मजजवळ आजही नाही. परंतु मी पुस्तिका पुन्हा उघडली.

आणि मग मला आमचे थोरले चिरंजीव दिसले.

बारावीनंतर ते दुकानात बसू लागले. कापड मोजताना गिऱ्हाइकाला दोन बोटे अधिक द्यावीत, ही आमच्या पेढीची जुनी चाल. पण कोणाला द्यावीत आणि कोणाला नाही, याचा नियम माझ्या डोक्यात होता. मी तो कधी शब्दांत सांगितला नव्हता. चिरंजीवांनी अनोळखी गिऱ्हाइकाला दोन बोटे अधिक दिली की मी सर्वांसमक्ष म्हणे, 'दुकान बुडवायला बसलास काय?' दुसऱ्या दिवशी त्यांनी काटेकोर मोजले आणि ते गिऱ्हाईक नेमके आमच्या वडिलांच्या वेळचे निघाले, की मी म्हणे, 'हात एवढा आखडता? माणसे तोडशील.' सैल मोजले तरी बोलणी, नेमके मोजले तरी बोलणी. काही महिन्यांनी असे होऊ लागले की, पट्टी कापडावर ठेवली की ते कापडाकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहत. आणखी काही महिन्यांनी त्यांनी पट्टी हातात घेणेच सोडले. विचारले तर म्हणत, 'तुम्हीच मोजा.' मी ते आळस समजलो. आळशी मुलाला जे बोलायचे ते सारे बोललो. दोन वर्षांनी ते पुण्यास नोकरीला गेले. आज त्यांचे उत्तम चालले आहे. सणावाराला येतात, वाकून नमस्कार करतात. पण दुकानाची पायरी चढत नाहीत.

काहीही केले तरी परिणाम बदलत नाही, असा अनुभव वारंवार आला की जीव प्रयत्न सोडतो. सेलिगमन यांनी यास 'शिकलेली असहायता' म्हटले. 'मला गणित येतच नाही' म्हणणाऱ्या मुलात ती असते. मी ती माझ्या गादीवर बसून, दुसऱ्या कोणाचीही मदत न घेता, शिकविली होती.

शिक्षेने मनुष्य सुधारतो, हा आपला दृढ विश्वास. थॉर्नडाइक यांचाही आरंभी होता. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी स्वतःच आपला नियम दुरुस्त केला आणि बक्षिसाइतकी शिक्षा प्रभावी नसते, असे लिहिले. स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले की, खटका दाबताच ज्या उंदरांच्या पंजाला फटका बसला, ते काही काळ थांबले. पण फटका बंद झाल्यावर त्यांनी मागचे सारे भरून काढले. शिक्षेने कृती मरत नाही, दडून बसते. शिक्षा करणारा मात्र तेवढ्यापुरता शांत होतो, म्हणून तो पुन्हा शिक्षा करतो. म्हणजे शिकतो कोण? तर शिक्षा करणारा!

सेलिगमन आणि मायर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. २०१६ मध्ये, आपल्या संशोधनाच्या सुमारे पन्नास वर्षांनी, त्या दोघांनी एकत्र लेख लिहिला आणि मान्य केले की, आपला मूळ सिद्धांत उलटा होता. दीर्घकाळ संकटात सापडलेला जीव मुळातच निश्चेष्ट होतो, ते त्याला शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते हे की, 'माझ्या करण्याने काही बदलते.' आणि ज्या कुत्र्यांना आरंभीच तसा अनुभव मिळाला होता, ती पुढील न टळणाऱ्या धक्क्यांनीही खचली नव्हती. पन्नास वर्षे ज्या सिद्धांतावर कीर्ती उभी राहिली, तो सुवर्णमहोत्सवी वर्षात स्वतःच उलटा करून सांगायचा, याला मोठे मन लागते. आपलाही सुवर्णमहोत्सव आहे, म्हणून हे विशेष आठवले.

कारण याच वर्षी विश्वस्त मंडळापुढे एक ठराव येणार आहे. पाठशाळेत पूर्ण हजेरी लावणाऱ्या मुलांना चांदीचे नाणे देण्याची योजना पुन्हा सुरू करावी, असा तो ठराव आहे. मूळ योजना कोणाची, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. ती माझी होती. नाणी सुरू झाली आणि मुलांची संख्या दुपटीहून अधिक झाली. अहवालात माझे अभिनंदनही छापले गेले. तीन वर्षांनी निधी आटला, नाणी थांबली, आणि संख्या पूर्वी होती तेथे येऊन थांबली नाही, तर तिच्याही खाली गेली. त्याच सुमारास गावात रविवारचे शिकवणी वर्ग वाढले, तेव्हा सारा दोष नाण्यांच्या माथी मारता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही एक प्रयोग ऐका.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्यांना मुळातच चित्रे काढण्याची आवड होती अशी मुले निवडली. काहींना आधी सांगितले की, चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषयही नसताना, मुले आपणहून किती वेळ चित्रे काढतात ते पाहिले. आधी सांगून बक्षीस दिलेल्या मुलांनी इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांना दिला. न सांगता ज्यांना मिळाले, त्यांची आवड कमी झाली नाही. जे काम मूल आनंदाने करीत होते, ते आता त्याच्या लेखी मजुरीचे झाले. आणि मजुरी थांबली की मजूर घरी जातो.

यावर विद्वानांत मोठा वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी अनेक प्रयोग एकत्र करून म्हटले की, बक्षिसाने आवड मरते ही भीती अवास्तव आहे. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा हिशेब मांडून म्हटले की, वस्तुरूप बक्षिसाने आवड घटते. मी दोन्ही बाजू सूनबाईंकडून समजावून घेतल्या, जमाखर्च मांडावा तशा. ज्या कामाची मुळात आवडच नाही, तेथे बक्षिसाने काही बुडत नाही, यावर फारसा वाद नाही. चांगले केल्याबद्दल मनापासून केलेल्या कौतुकाने नुकसान होत नाही, याविषयीही नाही. आणि आधी जाहीर केलेले, वस्तुरूपाचे, केवळ काम केल्याबद्दल किंवा नुसते हजर राहिल्याबद्दल दिलेले बक्षीस आवडीला बाधक ठरू शकते, हे भीती अवास्तव म्हणणाऱ्यांनाही मान्य करावे लागले. आमचे नाणे आधी जाहीर केलेले होते, चांदीचे होते, आणि हजेरीबद्दल होते. तिन्ही दोष एकत्र जमविणे सोपे नसते. ते मी साधले.

म्हणून ठराव पुढे आला तर माझे मत विरुद्ध असेल, हे आजच सांगून ठेवतो. प्रभावनेला माझा विरोध नाही. ती सर्वांना मिळते, कशाचा मोबदला म्हणून नव्हे. नाण्यांसाठी जी रक्कम मी देऊ केली होती, ती परत घेत नाही. तिचा विनियोग शिक्षिका भगिनींनी ठरवावा. मी ठरविणार नाही, कारण मागच्या वेळी मीच ठरविले होते. त्यांनी गेल्या दोन महिन्यांपासून एक गोष्ट सुरू केली आहे. दर रविवारी पहिली दहा मिनिटे पुस्तके मिटलेली असतात आणि मागच्या रविवारचे काय आठवते ते मुले एकमेकांना विचारतात. चुकले तर कोणी रागावत नाही. मागे बसून मी दोनदा पाहिले. एका सात वर्षांच्या मुलीने शिक्षिकेलाच असा प्रश्न विचारला की, त्यांनी 'पुढच्या रविवारी सांगते' असे उत्तर दिले. पुढच्या रविवारी ती मुलगी सर्वांच्या आधी येऊन बसली होती. तिला नाणे कोणी कबूल केले नव्हते.

थोरल्या चिरंजीवांना मी हे सारे सांगितले काय, असे आपण विचाराल. दिवाळीत सांगितले. दोन बोटांचा नियम काय होता, तोही सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'हे तेव्हाच सांगायचे होते ना, अण्णा.' एवढेच. दुकानात मात्र ते अद्याप आलेले नाहीत.

सूनबाईंचे दुसरे वर्ष चालू आहे आणि प्रयुक्ताची नोकरी मला कायम झालेली आहे. सध्या भक्तामर स्तोत्र पाठ करतो आहे. लहानपणी छडीच्या धाकाने केले होते, ते सारे गळून गेले. आता एक श्लोक घेतला की दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पुस्तक मिटून म्हणतो आणि सूनबाई वहीत खूण करतात. अठ्ठेचाळीसपैकी सतरा झाले. चौदावा दोनदा विसरलो आहे; तो उद्या पुन्हा म्हणावयाचा आहे.